माया आणि घास

१९३४ साली हिल्डे ब्रूख या जर्मन बालरोगतज्ज्ञ बाई न्यूयॉर्कला येऊन पोहोचल्या, तेव्हा अमेरिका महामंदीच्या विळख्यात सापडलेली होती. बेकारांची संख्या कोटीच्या वर गेली होती आणि शहरोशहरी फुकट अन्नासाठी माणसांच्या रांगा लागत होत्या. अशा त्या काळात या बाईंच्या नजरेत प्रथम भरली ती लठ्ठ मुले. ती केवळ दवाखान्यातच दिसत होती असे नाही. रस्त्यांवर, भुयारी आगगाडीत, शाळांच्या आवारात, सर्वत्र दिसत होती. युरोपातून आलेल्या डोळ्यांना हे दृश्य नवे होते. ज्या देशात माणसे भाकरीला महाग झाली आहेत, त्याच देशात इतकी मुले प्रमाणाबाहेर लठ्ठ कशी, हा प्रश्न त्यांच्या मनात रुतला आणि पुढे जन्मभर त्यांना सोडीना.

ब्रूखबाईंचा जन्म १९०४ सालचा, जर्मनीच्या पश्चिम सरहद्दीजवळील ड्युल्केन या लहानशा गावी, एका यहुदी कुटुंबातला. त्यांचा ओढा गणिताकडे होता; परंतु यहुदी घरच्या मुलीला गणितापेक्षा वैद्यकात पोट भरणे सुकर जाईल, असा सल्ला त्यांच्या काकांनी दिला आणि तो त्यांनी मानला. १९२९ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन त्या बालरोगांकडे वळल्या. स्वतःचा दवाखाना थाटून पुरते वर्षही झाले नाही तोच १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. काळाची पावले ओळखून त्या इंग्लंडला गेल्या, लंडनच्या गरीब वस्तीतील एका प्रसूतिगृहात वर्षभर काम केले आणि मग अटलांटिक ओलांडला. मागे राहिलेल्या आप्तांपैकी कित्येकांचा पुढे नाझींनी बळी घेतला. एका अनाथ झालेल्या पुतण्याला त्यांनीच पुढे सांभाळले. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये ज्या स्थलांतरित माता त्यांच्यापुढे येऊन बसत, त्यांचे उखडलेपण त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्या काळी लठ्ठ मुलाकडे पाहण्याची वैद्यकाची एक ठराविक रीत होती. मूल लठ्ठ आहे, म्हणजे त्याच्या अंतःस्रावी ग्रंथी बिघडल्या आहेत, असे गृहीत धरले जाई. या समजुतीचे मूळ व्हिएन्नात होते. १९०१ साली आल्फ्रेड फ्रोलिख यांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली होती. त्या मुलाच्या मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीपाशी, गाठ झाली होती. त्याची दृष्टी अधू झाली होती, डोके दुखत होते, अंगावर चरबी चढत होती आणि वयाप्रमाणे यावयाचे पौरुष आलेले नव्हते. तो एक दुर्मीळ आणि गंभीर आजार होता. परंतु वैद्यकात कधी कधी असे घडते की, एखादे नाव एकदा सापडले म्हणजे ते रोगापेक्षा वेगाने पसरते. पुढल्या तीसपस्तीस वर्षांत कोणताही जाडगेला, लाजाळू, मागे मागे राहणारा मुलगा दिसला की त्याच्यावर फ्रोलिखचे नाव चिकटविण्यात येऊ लागले. त्याला गाठ नव्हती, त्याची दृष्टी उत्तम होती, तरीही! मग थायरॉइडचे वा पिट्युटरीचे अर्क देण्यात यावयाचे. आईबाप समाधानाने घरी जावयाचे. दोष ग्रंथीचा ठरला म्हणजे घरात कोणाकडेच बोट दाखवावे लागत नाही. मुलाच्या मनात मात्र आपण कायमचे अधुरे आहोत, ही जाणीव घर करून राही.

१९३७ च्या सुमारास ब्रूखबाईंनी अशा मुलांची पद्धतशीर पाहणी आरंभली. गणिताची आवड त्यांच्या येथे उपयोगी पडली असावी. मतामतांच्या गलबल्यात न शिरता त्यांनी सरळ मोजमापे घेतली: उंची, वजन, हाडांची पक्वता, वयात येण्याचा काळ, विश्रांतीच्या वेळी शरीर किती उष्णता खर्च करते त्याचे प्रमाण. थायरॉइड वा पिट्युटरी दुबळी असेल तर मुलाची वाढ खुंटावयास हवी. ते बुटके राहावयास हवे. येथे तर उलटाच प्रकार आढळला. बहुतेक लठ्ठ मुले आपल्या वयाच्या मुलांपेक्षा उंच होती, त्यांची हाडे वयाच्या मानाने अधिक पक्व होती आणि ती वेळेवर, कधी वेळेआधीही, वयात येत होती. ओटीपोटावरच्या चरबीमुळे मुलग्यांचे अवयव लहान भासत, एवढ्यावरूनच त्यांना अपुरे ठरविण्यात आले होते. १९३९ पासून हे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. त्याच वर्षी फ्रोलिखच्या मूळ रुग्णाची हकीकतही त्यांनी अमेरिकन डॉक्टरांपुढे पुन्हा मांडली, म्हणजे ते नाव कोणत्या आजाराचे होते हे ज्याचे त्याला कळावे. एका पिढीने हजारो मुलांच्या कपाळी मारलेला शिक्का त्यांनी फुटपट्टी आणि तराजू घेऊन पुसून टाकला. ब्रूखबाईंच्या नावावर पुढे पुष्कळ जमा झाले. परंतु त्यांच्या साऱ्या कामात निर्विवाद राहिलेले काम हेच.

ग्रंथी निर्दोष सुटल्या, तेव्हा प्रश्न उरला तो असा: मग ही मुले इतकी खातात का, आणि हालचाल इतकी थोडी का करतात? त्याचा शोध घेण्यासाठी ग्रेस टुरेन यांच्या साहाय्याने त्यांनी मुलांच्या घरांकडे मोर्चा वळविला. ही कुटुंबे बहुधा पूर्व युरोपातून वा इटलीतून आलेली होती. आयांनी स्वतःच्या लहानपणी उपासमार पाहिली होती. कोणी कोवळ्या वयात कामाला जुंपली गेली होती, कोणी मायेवाचून वाढली होती. आता घरात अन्न होते. ज्या वस्तूसाठी आपले बालपण तळमळले ती आपल्या मुलाला हवी तितकी देता येते, याच्यासारखे सुख त्यांना दुसरे ठाऊक नव्हते. परकी भाषा, परके शहर, रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारी, यांना भिऊन त्या मुलांना खेळावयास बाहेर सोडीत नसत. मोठ्या झालेल्या मुलांनाही आया हाताने कपडे घालीत, हाताने भरवीत. एकुलते एक किंवा शेंडेफळ असलेले मूल अशा घरांत विशेष आढळे. मूल रडले, घास. मूल कंटाळले, घास. ते शाळेतून रडकुंडीला येऊन परतले, तरी घासच. अन्न ही त्या घरातील प्रेमाची भाषा झाली होती, आणि तीही अशी की तिच्यात दुसरे शब्दच नव्हते.

मराठी वाचकाला हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे मूल ‘बाळसे धरते’, खाल्लेले त्याच्या ‘अंगी लागते’, आणि सोयरीक पाहताना घर ‘खाऊनपिऊन सुखी’ असले की निम्मे काम झाले. गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा भरत आणि पहिले बक्षीस कडेवर घेऊन आई मंडपातून बाहेर पडे, तेव्हा तो गौरव बाळापेक्षा तिचाच असे. उलट, आजोळी आलेल्या नातवाला पाहून ‘पोर सुकले गं’ असे आजी म्हणाली की लेकीच्या काळजात चर्र होते. ज्या समाजाने दुष्काळ पाहिले आहेत, त्या समाजात अंगावरचे मांस हा अपराध नसतो. ते संरक्षण असते. न्यूयॉर्कच्या त्या माता याच तर्काने वागत होत्या.

१९४० मध्ये या कुटुंबांविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्यात एक पाऊल पुढे टाकलेले होते. ब्रूखबाईंच्या मते या मातांच्या अतिकाळजीच्या तळाशी एक दुभंगलेपण होते. पुष्कळांना ते मूल मनापासून हवे नव्हते. नकोशा भावनेची भरपाई त्या खाऊ घालून करीत. वडील दुबळे वा अलिप्त, आई वरचढ आणि अतृप्त, आणि या दोघांच्या मध्ये मुलाचे शरीर वाढत चाललेले. त्या मुलाला लठ्ठपणा हा एक आधारच असतो. जगाच्या धक्क्यांपासून तो त्याला आडोसा देतो. म्हणून आतला ताण तसाच ठेवून वरून चरबी उतरविण्याचा हट्ट धरला तर मुलाचा तोलच जातो, असे त्यांनी पुनःपुन्हा बजावले.

यातील शेवटचा इशारा सोन्यासारखा होता. परंतु मातांविषयीचा निर्णय घाईचा होता, असे आज म्हणावे लागते. दवाखान्यात आलेली आई आधीच भेदरलेली असते. नातलगांची बोलणी खाऊन, शाळेच्या चिठ्ठ्या वाचून ती तेथे पोहोचलेली असते. तिची अस्वस्थता मुलाच्या लठ्ठपणाचे कारण आहे की परिणाम, हे एका भेटीवरून, किंबहुना अनेक भेटींवरूनही, ठरविता येत नाही. तथापि काळच तसा होता. ब्रूखबाई १९४१ मध्ये बाल्टिमोरला जाऊन मनोरोगचिकित्सा आणि मनोविश्लेषण शिकल्या. त्यांच्या गुरुजनांपैकी फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी १९४८ मध्ये छिन्नमनस्कतेचे मूळसुद्धा आईच्या वागणुकीत शोधले. मुलाच्या दम्याला आई, मुकेपणाला आई, वेडाला आई. पूर्वी ग्रंथी सर्व अपराध पदरात घेत, आता तो पदर आईचा झाला.

ब्रूखबाईंना मात्र हा धोका अजिबात दिसला नाही असे नाही. १९५२ मध्ये त्यांनी आईबापांसाठी एक पुस्तक लिहिले. त्याचे नावच मुळी ‘आपल्या मुलाला भिऊ नका’ अशा अर्थाचे होते. तज्ज्ञांच्या बदलत्या फर्मानांनी आईबापांची कशी गाळण उडविली आहे, हे त्यात त्यांनी सडेतोडपणे सांगितले. स्वतःच्या जुन्या निबंधाचा ठपका किती आयांनी मनाला लावून घेतला असेल, याचा विचार ते लिहिताना त्यांच्या मनात डोकावला असेल काय? १९५७ मध्ये लठ्ठपणावरील त्यांचा ग्रंथ आला, आणि १९७३ मध्ये आहारविषयक विकारांवरील मोठा ग्रंथ. या वाटचालीत त्यांची उपपत्ती बदलत गेली. आई प्रेम करते की नाही, हा प्रश्न मागे पडला. तिचे उत्तर मुलाच्या हाकेशी जुळते की नाही, हा पुढे आला. तान्हे मूल अनेक कारणांनी रडते. त्याला भूक लागलेली असते, थंडी वाजत असते, दुपटे ओले झालेले असते, भीती वाटते, किंवा नुसती जवळ कोणी असावे अशी इच्छा असते. या प्रत्येक हाकेला निराळे उत्तर मिळत गेले म्हणजे मुलाला आपल्या आतल्या संवेदना एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येऊ लागतात. पण प्रत्येक हाकेला दूधच मिळाले, तर भूक कोणती आणि भीती कोणती याची फोड त्याला करता येत नाही. मोठेपणी अपमान झाला तरी त्याला भूकच लागते. भूक ही उपजत असली तरी तिची ओळख शिकावी लागते, हा विचार त्या काळी अगदी नवा होता.

१९६८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील स्टॅन्ली शॅक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची एक परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना चव पाहण्याच्या निमित्ताने खारी बिस्किटे दिली. काहींचे पोट आधीच भरलेले होते. काहींना आता विजेचा झटका बसणार आहे अशी भीती घातली होती. सामान्य वजनाच्या विद्यार्थ्यांनी पोट भरलेले असताना आणि भ्यालेले असताना कमी खाल्ले. लठ्ठ विद्यार्थ्यांना पोटाचे आणि भीतीचे जणू काहीच कळले नाही. ते जवळजवळ सारखेच खात राहिले. ब्रूखबाईंचे म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटले. पुढल्या प्रयोगांत हा भेद इतका स्वच्छ राहिला नाही.

आणि मग वंशाचा साक्षीदार उभा राहिला. अल्बर्ट स्टंकार्ड हे स्वतः मनोरोगतज्ज्ञ. रात्री उठून खाण्याच्या विकाराचे वर्णन त्यांनीच १९५५ मध्ये केले होते. त्यांनी १९८६ साली डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. या व्यक्तींचे वजन ज्यांनी त्यांना वाढविले, भरविले, त्या आईबापांशी जुळत नव्हते. ज्यांनी जन्म दिला त्यांच्याशी जुळत होते. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्याच रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने लेप्टिनच्या निर्मितीचे सूत्र सांगणारे जनुक हाती आणले. लेप्टिन हा चरबीतून निघणारा आणि मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप पोहोचविणारा स्राव. चरबी ही नुसती कोठारातली रास नसून तीही बोलते, हे तेव्हा कळले.

१९९७ साली केंब्रिजच्या संशोधकांपुढे एका पाकिस्तानी कुटुंबातील दोन चुलतभावंडे आली. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन २९ किलो. जन्मतः दोघांचीही वजने साधारण होती. ती मुले सतत भुकेलेली असत, अन्न नाकारले तर आकांत करीत. त्यांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच; त्या एका जनुकात दोष होता. त्या मुलीला लेप्टिनची टोचणी सुरू केल्यावर तिची ती न शमणारी भूक शांत झाली आणि वजन उतरू लागले. १९९९ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. असा दोष अत्यंत विरळा, हे खरे. लठ्ठ मुलांतील फार थोड्यांना तो लागू पडतो. पण ज्या घरात तो होता तेथील आईला शेजारपाजारच्यांनी, कदाचित डॉक्टरांनीही, कोणत्या नजरेने पाहिले असेल! तिने कितीही कठोर व्हावयाचे ठरविले असते, तरी तिच्या मुलाच्या मेंदूला तो निरोप पोहोचणारच नव्हता. १९४० च्या निबंधातील एखादे मूल असे नसेलच, असे कोणी छातीठोकपणे सांगावे?

भुकेची आठवण आईच्या मनात राहते, हे ब्रूखबाईंनी ओळखले होते. ती शरीरातही राहू शकते, हे पुढे दिसले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने हॉलंडच्या पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तोडला. त्या उपासमारीच्या काळात जे गर्भात होते, त्यांची एकोणीस वर्षांचे झाल्यावर सैन्यभरतीच्या वेळी तपासणी झाली. सुमारे तीन लाख तरुणांचे दाखले पाहून १९७६ मध्ये निष्कर्ष निघाला, की गर्भारपणाच्या पूर्वार्धात आई उपाशी राहिली असेल तर मुलगा लठ्ठ होण्याचे प्रमाण अधिक. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्पटनच्या बालकांशी केली. पुण्याकडील बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, तिकडील ३.५ किलो, स्नायू आणि अवयव आपल्याकडे लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. वरून हडकुळे दिसणारे आपले बाळ आतून मेद जपत असते! त्याला पुढे भरपूर खाणे आणि थोडे खेळणे लाभले म्हणजे काय होते, ते मधुमेहाच्या दवाखान्यांतून दिसते.

राहिला मनाच्या ताणाचा भाग. धोक्याच्या वेळी मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचा स्राव सोडतात. तो फार दिवस जादा राहिला तर पोटावर चरबी साठते, हे १९३२ मध्ये हार्वी कुशिंग यांनी वर्णिलेल्या विकारावरून डॉक्टरांना परिचित होते. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील मेरी डॉलमन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांवरून एक निराळी बाजू मांडली. दीर्घकाळ ताणाखाली असलेला प्राणी गोड व स्निग्ध अन्नाकडे वळतो, आणि त्या अन्नाने मेंदूतील ताणाची यंत्रणा काही अंशी मंदावते. म्हणजे दुःखात गोड खाल्ल्याने बरे वाटते, ही नुसती समजूत नव्हे. ते औषध खरोखर लागू पडते. म्हणूनच त्याची सवय जडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ मध्ये पाच ते एकोणीस वर्षांच्या ३९ कोटींहून अधिक मुलामुलींचे वजन प्रमाणाबाहेर होते, आणि त्यांपैकी १६ कोटी लठ्ठ होती. दोन पिढ्यांत मनुष्याची जनुके बदलत नाहीत. बदलला तो बाजार, बदलले ते मैदान. गोड आणि तळलेले अन्न स्वस्त झाले, दारोदार आले, आणि मुलांचे पाय घरात अडकले. ज्याच्या रक्तात भूक मुळातच तीव्र आहे, तो या बाजारात प्रथम सापडतो.

तेव्हा आईवरचा ठपका पुरता उडाला काय? इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ साली जन्मलेल्या जुळ्यांच्या २,४०२ कुटुंबांची पाहणी चाललेली आहे. एकसारखी जुळी आणि निराळी जुळी यांची तुलना केली म्हणजे रक्तातून आलेले किती आणि घरातून आलेले किती, याचा अंदाज बांधता येतो. अशाच जुळ्यांच्या पाहण्यांत वजनाचा मोठा वाटा रक्ताचा निघत आलेला आहे. परंतु रागावल्यावर, रडू आल्यावर, हिरमुसल्यावर खाणे, या एका सवयीपुरता निकाल २०१७ मध्ये हाती आला तो उलटा होता: रक्ताचा वाटा नाममात्र, जवळजवळ सारे घराचे. ब्रूखबाई डिसेंबर १९८४ मध्ये ह्यूस्टन येथे वारल्या होत्या. त्यांना हे पाहावयास मिळाले नाही.

त्याच सुमारास नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम शहरातून दुसरी एक पाहणी पुढे आली. तेथील ८०१ मुलांकडे चौथ्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी लक्ष ठेवण्यात आले होते. ज्यांना चारसहा वर्षांचे असताना समजूत घालण्यासाठी खाऊ मिळत असे, ती मुले आठदहा वर्षांची झाल्यावर दुःखात अधिक खात होती. यात नवल नव्हते. परंतु उलट दिशेचा धागाही तितकाच दिसला: जी मुले खाऊने चटकन शांत होत, त्यांच्या आईबापांचा हात पुढे खाऊच्या डब्याकडे अधिकाधिक जात होता. आणि जी मुले चौथ्या वर्षीच चटकन रागावत वा रडत, त्यांच्या घरी या दोन्ही गोष्टी वाढत गेल्या होत्या. आई मुलाला शिकवीत होती, आणि मूल आईला.